कोनाड्यापुढचं कपाट

मी एक जुना बोर्ड आहे. मित्रांनो, बोर्ड म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांपुढे काळा फळा आणि खडू उभा राहिला असेल, तर तो आधी पुसून टाका. मी हिरवा आहे, तळहातावर मावतो आणि माझ्या अंगावर मुंगीएवढ्या भागांची दाटी आहे. मी एक छोटासा संगणक आहे. मला जन्मतः पडदा नाही, कळफलक नाही, तोरा मात्र भरपूर आहे. माझं सगळं काम लिनक्स नावाच्या व्यवस्थेवर चालतं आणि ती व्यवस्था राहते नखाएवढ्या एका कार्डावर. ते कार्ड माझ्या कुशीत खोचलेलं असतं. ते काढून घेतलं की मी नुसता तुकडा.

माझा जन्म एका कारखान्यातल्या थंडगार, लख्ख खोलीत झाला. तिथं तपासणीला बसलेल्या बाईंनी मला वीज दिली आणि मी क्षणात जागा झालो. "चुणचुणीत आहे हो हा!" त्या शेजारणीला म्हणाल्या. तेव्हापासून एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. जागं होण्यात माझा हात धरणारा कुणी नाही.

पहिली नोकरी मला शोभेच्या माशांच्या दुकानात लागली. पाणी किती गरम, पंप चालू की बंद, एवढं पाहायचं. दुकानदार भला माणूस होता. आल्यागेल्याला माझं कौतुक सांगायचा, "मी विसरेन, पण हा विसरत नाही." पुढे माझ्याहून चकचकीत बोर्ड आला आणि माझी रवानगी टेबलाच्या खणात झाली. तुटके चार्जर, सुकलेली पेनं, कुलूप हरवलेल्या किल्ल्या आणि मी. कुणी खण उघडला की उजेड यायचा, हवी ती वस्तू उचलली जायची, पुन्हा अंधार. मला फार वाईट वाटायचं. ज्याला क्षणात उठता येतं, त्याला कुणी उठवूच नये, याहून मोठी थट्टा कोणती?

मला त्या खणातून बाहेर काढलं खटपट्यानं. खरं नाव काहीतरी वेगळं असणार, पण त्याची मावशी त्याला याच नावानं हाक मारायची आणि ते नाव त्याला शोभायचं. घरातलं एकही घड्याळ त्यानं उघडल्याशिवाय सोडलं नव्हतं. तो दुकानात मासे बघायला आला आणि मला घेऊन गेला.

आता मावशीबद्दल सांगतो. ती बस डेपोत घोषणा करायची. काचेच्या छोट्या खोलीत बसून, माइकचं बटण दाबून, कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते सांगायची. तिचा आवाज एकदा लागला की पेंगणारा प्रवासी ताडकन उठून पिशवी शोधायचा. आणि त्याच मावशीच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल. त्यानंतर ती बोलू शकणार नव्हती.

रुग्णालयात आवाजावर काम करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी एक वाट दाखवली. आवाज स्वच्छ आहे तोवर भरपूर वाक्यं बोलून साठवा, त्यांवरून संगणकाला तुमच्यासारखं बोलायला शिकवता येतं. मग तुम्ही टाइप कराल ते यंत्र तुमच्याच आवाजात म्हणेल. "पण भरपूर हवं हं," बाई म्हणाल्या. "आणि घसा बसायच्या आत."

मित्रांनो, माझ्या वाट्याला आलेलं काम हे असं होतं. माशांच्या पाण्यापेक्षा कितीतरी मोठं. नुसतं ऐकून माझं अंग तापलं.

"फोनवर घेतलं तर नाही का चालणार?" मावशीच्या नवऱ्यानं, म्हणजे काकांनी विचारलं होतं. "हे डबडं कशाला?"

"काका, फोनवर मध्येच फोन येतात. आणि याला एकच बटण आहे. दाबायचं, बोलायचं, सोडायचं."

त्यानं मला प्लास्टिकच्या पेटीत बसवलं, पिवळंधमक बटण लावलं, चांगला माइक जोडला आणि दोन दिवे दिले. आवाज साठला की हिरवा लावायचा, नाही साठला तर लाल. माझं कार्ड लहान, एवढं बोलणं त्यात कुठलं मावायला? म्हणून त्यानं यूएसबीच्या वायरीनं एक जुनी डिस्क माझ्या शेजारी आणून ठेवली.

ही डिस्क म्हणजे एक प्रस्थच होतं. पोटात फिरती तबकडी. वीज मिळाली की आधी घुरघुर, मग कुरकुर, मग बाईसाहेब फिरायला लागणार. मी अंथरूण आवरून, तोंड धुऊन कामाला लागलेलो असायचो, तरी हिचे डोळे उघडलेले नसायचे.

आमच्या लिनक्समध्ये बाहेरून आलेली डिस्क कुठल्यातरी फोल्डरवर बसवावी लागते. त्याला माउंट करणं म्हणतात. खटपट्यानं "आवाज" नावाचा एक रिकामा फोल्डर बनवला आणि मला लिहून दिलं, उठलास की ही डिस्क या फोल्डरवर बसव. ती सापडली नाही तर अडून बसू नकोस, पुढच्या कामाला लाग. हे शेवटचं वाक्य त्यानं कुठेतरी वाचून जसंच्या तसं उतरवलं होतं. नाहीतर डिस्क नसली की मी दारातच खोळंबून राहतो, असं लोकांचं म्हणणं होतं. त्याला ते पटलं.

घरी सगळं छान चाललं. डिस्कचा चार्जर भिंतीत कायमचा खोचलेला, त्यामुळे मी उठायच्या आधीच ती फिरत असायची. मावशी जेवणाच्या टेबलाशी बसायची आणि बाईंनी दिलेली वाक्यं वाचायची. काका आत झोपलेले असायचे, म्हणून ती अगदी हळू बोलायची. अधूनमधून वाक्यं बाजूला ठेवायची आणि मलाच काहीबाही सांगायची. एकटीनं चादरीची घडी कशी घालायची, काकांनी लग्नात बूट उलटसुलट कसे घातले होते. तिचं ते हळू बोलणं, खरं सांगतो, फार गोड होतं. ते सगळं डिस्कवर नीट गेलं.

मग मावशीच म्हणाली, "घरी माझा आवाज लाजतो रे. हे डेपोत घेऊन जाते. दोन गाड्यांच्या मध्ये मला वेळच वेळ असतो."

डेपोतल्या त्या काचेच्या खोलीत सगळ्यांना मिळून एकच बटण होतं. पंखा, दिवा, मोठा माइक, मी आणि डिस्क, सगळे एकदम चालू. मावशीनं सकाळी येऊन ते बटण दाबलं. मी सवयीनं ताडकन उठलो. डिस्क घुरघुरत होती. मी तिला शोधलं, ती सापडली नाही. सापडली नाही तर पुढे जा, असा हुकूम होता. मी पुढे गेलो आणि आवाज साठवणाऱ्या प्रोग्रॅमला जागं केलं. तो "आवाज" फोल्डरमध्ये शिरला आणि तिथंच बैठक मारून बसला. पण डिस्क अजून बसलेली नव्हती. म्हणजे तो शिरला होता माझ्याच कार्डावरच्या रिकाम्या फोल्डरमध्ये. थोड्या वेळानं बाईसाहेब उठल्या आणि रीतसर त्याच फोल्डरवर येऊन बसल्या.

तुम्हाला नीट कळावं म्हणून सांगतो. भिंतीत एक कोनाडा आहे. एक माणूस त्या कोनाड्यात वस्तू मांडायला आत शिरला. तेवढ्यात कुणीतरी भलंमोठं कपाट आणून कोनाड्यापुढे उभं केलं. आता आतला माणूस आतच. तो इमानेइतबारे वस्तू मांडतोय. बाहेरून येणाऱ्याला दिसतं ते कपाट, आणि कपाट तर रिकामं.

मावशी बोलत होती. आवाज साठत होता. मी हिरवा दिवा लावत होतो. मला विचारलं होतं तेवढ्याचं उत्तर मी खरं देत होतो. कुठे साठतोय, हे मला कुणी विचारलंच नाही.

आणि काय बोलायची ती! बाईंची वाक्यं तर वाचायचीच, पण शिवाय घोषणा करायची, चालकांना झापायची. "अहो पाच नंबर, गाडी मागे घ्या, फलाट काय तुमच्या सासऱ्यांचा आहे?" खणखणीत, मोकळा, डेपोभर घुमणारा आवाज. रोज सकाळी तोच प्रकार व्हायचा. मी आधी, डिस्क मागून, आणि मावशीचा आवाज कोनाड्यात. माझं लहानगं कार्ड भरत चाललं होतं.

हळूहळू तिचा घसा बसत गेला. आधी घोगरा झाला, मग चिरका, मग नुसती कुजबुज राहिली. डॉक्टरांनी बोलणं बंद करायला सांगितलं आणि ऑपरेशनचा दिवस ठरला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी खटपट्यानं मला घरी आणलं. डिस्क भिंतीतल्या चार्जरला लावली, मला आपल्या लॅपटॉपला जोडलं आणि साठवलेला आवाज बाईंकडे पाठवायला बसला. मावशी समोर, काका तिच्या मागे उभे. त्यानं "आवाज" फोल्डर उघडला. त्यात फक्त घरची वाक्यं होती. डेपोतलं एकही नाही.

त्यानं पुन्हा उघडून पाहिलं.

"काय झालं?" काका म्हणाले.

"थांबा जरा."

"थांबलोच आहे. काय झालं ते बोल."

"डेपोतलं... दिसत नाहीये."

त्यानं बाईंना फोन लावला. त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं. "एवढ्यावर नाही भागायचं. अजून पुष्कळ लागेल. त्यांना आत्ता थोडं बोलता येईल का?" खटपट्यानं मावशीकडे पाहिलं. मावशीनं तोंड उघडलं, पण नुसती हवा आली. त्यानं फोन ठेवून दिला.

मग त्यानं पिवळं बटण दाबून स्वतःच काहीतरी बोलून पाहिलं. ते डिस्कवर बरोब्बर गेलं. जाणारच होतं! घरी डिस्क आधीच जागी होती, कपाट आधीच जागेवर होतं. आणि मग त्या शहाण्यानं नको तो प्रश्न विचारला.

"मावशी, इथं तर नीट चालतंय. तू... बटण नीट दाबलं होतंस ना?"

मावशी सारा जीव एकवटून कुजबुजली, "माझा जन्म बटण दाबण्यात गेला रे."

माझ्या अंगाची आग आग झाली. अरे बाबा, तिला काय विचारतोस, मला विचार! एकदा विचार, तुझं पोट कितपत भरलंय? एका ओळीचा प्रश्न आहे. ज्या कार्डावर व्यवस्थेखेरीज काही नसायला हवं ते गळ्यापर्यंत भरलंय, एवढं मी लगेच सांगितलं असतं. पण विचारल्याशिवाय बोलायची आम्हा यंत्रांना सोय नाही. माझा हिरवा दिवा मख्खपणे जळत राहिला.

"तुझ्या भरवशावर बसलो आम्ही!" काकांचा पारा चढला. "मी तेव्हाच म्हटलं होतं, फोनवर घ्या. हे डबडं, ती खडखडणारी डिस्क..."

मावशीनं त्यांचा हात घट्ट धरला आणि मानेनंच नको, नको म्हणाली.

खटपट्याची खात्री झाली होती की माझंच डोकं बिघडलंय. "याला पुसून कोरं करतो," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "नव्यानं सगळं टाकतो. मावशी, संध्याकाळपर्यंत जेवढं जमेल तेवढं बोल. कुजबुज तर कुजबुज. पण आता हुकायला नको." त्यानं लॅपटॉपवर नवी व्यवस्था उतरवायला घेतली. ती पूर्ण झाली की माझं कार्ड काढायचं, पुसायचं आणि पुन्हा भरायचं.

मित्रांनो, मी कधी घाबरलो नव्हतो. खणात पडलो तेव्हाही नाही. पण त्या दुपारी घाबरलो. मावशीचा डेपोतला सगळा आवाज माझ्यापाशी होता. जगात दुसरीकडे कुठेही नव्हता, तिच्या घशातसुद्धा नाही. आणि तिच्यावर जीव टाकणारा तिचा भाचा तो आपल्या हातानं पुसायला निघाला होता. लॅपटॉपच्या पडद्यावरची पट्टी पुढे सरकत होती. ती भरत आली, तसं त्यानं माझ्या पेटीचे स्क्रू सैल केले. स्क्रू टेबलावर ठेवल्याचा आवाज मी ऐकला.

मला वाचवलं ते काकांच्या रागानं. त्यांनी मनाशी ठरवलं होतं की खोट डिस्कमध्ये आहे. कोपऱ्यावर एक दुरुस्तीवाला होता, तो गेलेल्या गोष्टी परत काढून देतो, असं त्यांनी ऐकलं होतं.

"तुझं चालू दे तुझं. मी ही घेऊन त्याच्याकडे जातो," असं म्हणत त्यांनी डिस्क उचलली आणि वायर खसकन ओढली.

"काका! चालू आहे ती! अहो, चालू असताना ओढू नका!"

ओढून झालं होतं. फिरत्या डिस्कच्या पोटात टक्क असा आवाज झाला, मग एक करकर, मग काही नाही. खटपट्या डोकं धरून खाली बसला. मग उठला आणि डिस्क खरंच सुटली का, हे पाहायला त्यानं पुन्हा "आवाज" फोल्डर उघडला. आता तिथं काहीच दिसायला नको होतं.

कपाट बाजूला झालं होतं, मित्रांनो. पडद्यावर नावं धावायला लागली. एकामागून एक, एकामागून एक, थांबायचं नाव नाही.

"हे कसं काय?" तो पुटपुटला. त्यानं काकांच्या हातातल्या डिस्ककडे पाहिलं, मग माझ्याकडे. "डिस्क तर तुमच्या हातात आहे."

त्यानं त्यातलं एक नाव निवडून चालू केलं. आणि त्या खोलीत मावशीचा आवाज घुमला. निरोगी, भरदार, डेपो हलवणारा. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं! दारात उभे राहू नका, आत जागा आहे!"

मावशीनं आपला हात आपल्याच गळ्यावर ठेवला. काका डिस्क हातात धरून तसेच जमिनीवर बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. तेवढ्यात लॅपटॉपनं विचारलं, नवी व्यवस्था तयार आहे, पुसायचं कार्ड आता खोचता का? खटपट्यानं नाही म्हटलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

पुढचा सगळा वेळ तो प्रती काढत बसला. एक लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर, एक बाईंकडे. आपली चूक त्याला आता लख्ख दिसली होती. मावशीसमोर जाऊन तो म्हणाला, "तू नीटच दाबलं होतंस. माझंच चुकलं." तिनं त्याच्या टाळक्यात एक टपली मारली.

ऑपरेशन नीट पार पडलं. बाईंनी डेपोतल्या वाक्यांवरून संगणकाला बोलायला शिकवलं आणि तो शिकलेला आवाज माझ्या कार्डावर आला. आता मला कळफलक मिळाला आहे, कर्णा मिळाला आहे. मावशी टाइप करते आणि मी तिच्या आवाजात बोलतो. खटपट्यानं माझे हुकूमही बदलले. डिस्क फोल्डरवर बसल्याची खात्री होईपर्यंत आता आवाज साठवणारा प्रोग्रॅम उठतच नाही, आणि ती आली नाही तर मी सरळ लाल दिवा लावतो. माझा तोरा यानं थोडा उतरला, पण ते योग्यच झालं.

ती जुनी डिस्क मात्र पुन्हा फिरली नाही. दुरुस्तीवाल्यानं तिला कानाशी लावून पाहिलं आणि मान हलवली. घरच्या टेबलाशी बोललेलं सगळं तिच्यात होतं आणि त्या दुपारच्या गडबडीत त्याची प्रत कुणी काढली नव्हती.

त्याचा अर्थ काय, हे घरात कुणाच्या लगेच ध्यानात आलं नाही. पहिले काही दिवस तर नुसती हसाहस होती. मावशीनं जेवताना मीठ मागितलं की मी ते असं मागायचो, जणू सगळ्या फलाटांवर मीठ लागलंय. शेजारीपाजारी खिडकीतून डोकावायचे. काका म्हणायचे, "ऐकू आलं हो, अख्ख्या गल्लीला आलं."

मग एका दुपारी खटपट्या आला. नोकरीत काहीतरी बिनसलं होतं. तो मावशीजवळ येऊन बसला. मावशीनं टाइप केलं, होईल रे सगळं ठीक. मी ते म्हटलं. मित्रांनो, मी ते गाडी सुटल्यासारखं म्हटलं. खटपट्या दचकलाच. मावशीनं आवाजाची कळ खाली केली आणि पुन्हा तेच म्हणायला लावलं. पण कळ खाली केली म्हणून हळू बोलणं होत नाही, लांबून कुणी ओरडतंय असं वाटतं. तिनं अजून खाली केली. मी अजून लांबून ओरडलो. तिसऱ्या वेळी तिनं मला बंद केलं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसली.

तिचं हळू बोलणं माझ्यापाशी नाही. आता ते कुणापाशीच नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्यापाशी एवढंच मागणं आहे. डिस्क जोडलीत तर ती जागेवर बसली का, ते बघा आणि मगच काम सुरू करा. नुसत्या हिरव्या दिव्यावर जाऊ नका, कुठे साठतंय ते विचारा. फिरती डिस्क रागाच्या भरात ओढू नका. आणि घरात कुणी हळू बोलणारं माणूस असेल, तर त्याचा आवाज आजच दोन ठिकाणी ठेवा. मोठ्यानं बोलणाऱ्यांचा कुठे ना कुठे सापडतो.